संगणक शंका-समाधान : डाउनलोड केलेली फाइल उघडत नाही

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा निवृत्त बँक कर्मचारी असून आमच्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च सांभाळतो. लेखापरीक्षकांनी ई-मेलने पाठवलेली एक्सेलची फाइल डाउनलोड करून उघडू लागलो की ती करप्ट असल्याचा इंग्रजी संदेश येतो, आणि वर्डमधील पत्र उघडताना परवानग्या व मेमरी तपासण्यास सांगितले जाते. नवल असे की, नातू त्याच फाइली आपल्या संगणकावरून पेनड्राइव्हमध्ये घालून आणतो, तेव्हा त्या माझ्याच संगणकावर विनातक्रार उघडतात. दुरुस्तीवाला ऑफिस नव्याने टाकावे लागेल म्हणतो. काय करावे?

उत्तर : तो खर्च तूर्त करू नये. पेनड्राइव्हवरून आलेली तीच फाइल आपल्याच संगणकावर उघडते, त्या अर्थी फाइल शाबूत आहे आणि एक्सेलही धड आहे. अडचण आहे ती फाइलला चिकटलेल्या एका खुणेची. इंटरनेटवरून फाइल उतरवताना तिच्यासोबत एक लहानशी चिठ्ठी जोडली जाते आणि तीत ‘झोन आयडी = ३’ अशी नोंद असते; विंडोजच्या हिशेबी तीन म्हणजे इंटरनेट. ही व्यवस्था २००४ साली, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून आली. चिठ्ठी फाइलच्या मजकुरात नसते, तर एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाइलला जोडून असलेल्या वेगळ्या कप्प्यात राहते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्यांत असा कप्पाच नसल्यामुळे, नातवाने फाइल कॉपी केली तेव्हाच चिठ्ठी मागे राहिली.

ऑफिस २०१० पासून वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट ही खूण दिसताच फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून अलग ठेवलेल्या आणि केवळ वाचण्यापुरत्या खिडकीत उघडतात. सारे सुरळीत असले तर वरच्या बाजूला पिवळी पट्टी दिसते आणि तिच्यावरील ‘एनेबल एडिटिंग’ दाबले की काम भागते. मात्र ही खिडकीच काही कारणाने सुरू झाली नाही, तर ऑफिस तसे स्पष्ट न सांगता फाइलवर ठपका ठेवते. हा संदेश वाचून किती जणांनी चांगल्या फाइली पुसून टाकल्या असतील, कोण जाणे!

आता उपाय. फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. ‘जनरल’ या पानाच्या अगदी तळाशी, ही फाइल दुसऱ्या संगणकावरून आली आहे अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्याजवळ ‘अनब्लॉक’ असा लहान चौकोन दिसेल. त्यात टिक करून ‘अप्लाय’ व ‘ओके’ दाबावे आणि फाइल पुन्हा उघडून पाहावी. अनेक फाइली एका झिपमध्ये आल्या असतील, तर आधी झिपच अनब्लॉक करावी व मग एक्स्ट्रॅक्ट करावी; विंडोजमधूनच झिप उघडली असता तिची खूण आतल्या फाइलींवर उतरते आणि हेच काम प्रत्येक फाइलसाठी करत बसावे लागते.

ऑफिसच्या ‘ट्रस्ट सेंटर’ या सुरक्षाविषयक सेटिंगांच्या पानावर जाऊन प्रोटेक्टेड व्ह्यूच्या तिन्ही टिक काढून टाका, असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. निदानापुरते तसे करून पाहण्यास हरकत नाही. पण फाइल उघडल्यास बिघाड कुठे आहे ते कळले असे समजून तिन्ही टिक परत कराव्यात आणि कंट्रोल पॅनेलमधून ऑफिसचे ‘क्विक रिपेअर’ चालवावे. मंडळाच्या ई-मेलवर मांडववाल्यापासून छापखान्यापर्यंत कोणाकोणाची बिले येतात, हे आपण जाणताच. त्यामुळे ही राखण कायमची उठवणे मला मुळीच पसंत नाही. अनब्लॉकही पाठवणारा ओळखीचा असेल तरच करावे.

प्रश्न : एका संकेतस्थळावरून उतरवलेला वर्डमधील अर्ज माझ्या आणि माझ्या बहिणीच्या, अशा दोन्ही संगणकांवर उघडत नाही. अनब्लॉक करूनही फरक पडला नाही. (एक शिक्षिका, रावपुरा)

उत्तर : येथे मात्र फाइलवरच संशय घ्यावा लागेल. तिच्यावर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडावी. ऑफिस २००७ पासूनची वर्डची डॉक्स (.docx) फाइल ही मुळात एक झिप असते, म्हणून अगम्य चिन्हांच्या गर्दीत सर्वांत आधी इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ ही अक्षरे दिसतात. झिपचे जनक फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे. त्यांच्या जागी ‘एचटीएमएल’ हा शब्द आणि कोनी कंस दिसले, तर अर्जाऐवजी संकेतस्थळाचे लॉगिनचे किंवा काही चूक झाल्याचे कळवणारे पानच अर्जाच्या नावाने उतरले आहे. अशा वेळी आधी लॉगिन करून मग अर्ज डाउनलोड करावा.

‘पीके’ दिसूनही फाइल उघडत नसेल, तर ती बहुधा अर्धवट उतरली आहे. झिपमधील फाइलींची सूची अगदी शेवटी असते, त्यामुळे शेपटाकडचा थोडासा भाग राहिला तरी वर्डला आतले काही सापडत नाही. नेट स्थिर असताना फाइल पुन्हा उतरवावी आणि संकेतस्थळावर तिचा आकार दिलेला असल्यास तो ताडून पाहावा.