लेवीयमध्ये अडलास तर आधी गणना 19 वाच

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचे 11 ते 15 अध्याय, म्हणजे शुद्ध-अशुद्धाचे नियम, वाचताना कंटाळा आला म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. मीही दोनदा अर्ध्यात सोडलं होतं. आधी बायबलमधल्याच गणना या पुस्तकाचा 19वा अध्याय घे, तांबड्या कालवडीचा विधी. निर्दोष, मानेवर कधी जू न ठेवलेली कालवड इस्राएली लोकांच्या छावणीबाहेर मारून जाळायची. त्या आगीत गंधसरूचं लाकूड, एजोब नावाची वनस्पती आणि किरमिजी सूत टाकायचं. ती राख वाहत्या पाण्यात कालवून, प्रेताला शिवलेल्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायची.

आता गंमत बघ. जी राख अशुद्धाला शुद्ध करते, ती गोळा करणारा मात्र संध्याकाळपर्यंत अशुद्ध! का, ते कुठंच दिलेलं नाही. यहुदी रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तर हा विधी बुद्धीला न उलगडणाऱ्या आज्ञांचा नमुनाच मानला: उमगलं म्हणून नाही, सांगितलं म्हणून पाळायचं.

अशुद्ध म्हणजे पापी, असं मात्र धरू नकोस. बाळंतीणही अशुद्धच. सुतक आपल्याला ठाऊक आहे, पण इथं काळजी निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या पवित्र तंबूची आहे. प्रेताला शिवून जो शुद्ध होत नाही, तो माणूस निवासमंडप विटाळवतो (गणना 19:13). वाचताना कोण किती दिवस अशुद्ध, ते वहीत टिपत जा.