ट्यूबलाइटखालचा चेहरा

आरशासमोर : वाचकांचे प्रश्न, रंगभूषाकार ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी तेवीस वर्षांची आहे. शिक्षण संपलं आणि पहिलीच नोकरी लागली, एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात. दिवसभर टेबलापलीकडे माणसं येतात, बहुतेक तक्रारी घेऊनच. काम मला आवडतंय. पण रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत वरिष्ठ मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अगं, जरा प्रेझेंटेबल येत जा. चेहरा किती उतरलेला दिसतो तुझा.” माझ्याबरोबर लागलेला मुलगा रोज चुरगळलेला शर्ट घालून येतो, त्याला कुणी काही बोलत नाही.

तोपर्यंत मला काजळाशिवाय काही माहीत नव्हतं. पहिला पगार झाल्यावर व्हिडिओ बघून सगळं एकदम मागवलं : सनस्क्रीन, प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, काँटूर, हायलायटर, शिवाय आयशॅडोचं मोठं पॅलेट. घरी आरशात छान दिसतं. ऑफिसच्या वॉशरूममध्ये बघते तर चेहरा राखाडी, मान वेगळ्याच रंगाची आणि गालांवर खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक गोळ्या. शेजारच्या टेबलावरची विचारते, “आज कुठे कार्यक्रम आहे का गं?” आता हनुवटीवर पुरळही आलंय. आई म्हणते, होता तो चेहराही बिघडवून घेतलास. एका मैत्रिणीने तिचं क्रीम देऊ केलंय, रात्री लावलं की आठवड्यात चेहरा उजळतो म्हणे. माझं नक्की चुकतंय कुठे? कोर्स करू का? की हे सगळं सोडूनच देऊ? आणि मॅडमना काय सांगू?
– भांबावलेली

उत्तर : आधी मैत्रिणीच्या त्या क्रीमबद्दल बोलते, कारण बाकी काही चुकलं तर पाण्याने धुता येतं, हे येत नाही. आठवड्यात चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव छापलंय का ते बघ. ही औषधं आहेत, डॉक्टरांनी ठरावीक आजाराला ठरावीक दिवस द्यायची. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ आणि लव वाढते. बंद केली की चेहरा लालभडक होऊन जळजळतो, म्हणून माणूस पुन्हा लावतो आणि अडकतो. डबीवर घटकांची यादीच नसेल तर आणखी वाईट, कारण उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो मूत्रपिंडांवर जातो. तू घेऊ नकोसच. मैत्रीण बरेच दिवस लावत असेल तर तिला ते क्रीम घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांग. आपल्या मनाने एकदम बंद करायला लावू नकोस.

आता तुझं राखाडी प्रकरण. घरी छान आणि ऑफिसात राखाडी, या एवढ्याशा तक्रारीत निम्मं उत्तर तूच लिहून पाठवलं आहेस. फरक पडतोय तो उजेडाचा. मी नाटकातून या धंद्यात आले. तिथे रंगाला हात लावायच्या आधी विचारायचं असतं की दिवे कोणते आहेत. आम्ही अजून ज्याचं नाव घेतो तो पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायची रंगाची वडी, तीसुद्धा मॅक्स फॅक्टर कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीला रंगीत सिनेमासाठी काढली. जुन्या ग्रीसपेंटला, म्हणजे तेलकट रंगाला, चकाकी असायची आणि ती आजूबाजूचे रंग उचलून नटाच्या चेहऱ्यावर आणायची, म्हणून.

तुझ्या घरचा दिवा पिवळसर असणार असा माझा अंदाज आहे. असा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा) असतो आणि ऑफिसातले पांढरे दिवे ४००० ते ६५०० चे. पिवळ्या उजेडात एखाददुसरा फिका शेड सहज खपून जातो, पांढऱ्या उजेडात तोच उघडा पडतो. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार पावडरींतून बनतो आणि घटकांच्या यादीत त्यांचे आकडे असतात : सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ ही लोहाची ऑक्साइडं, अनुक्रमे लाल, पिवळं आणि काळं. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर पांढरा जास्त आणि पिवळा-लाल कमी पडला की चेहरा राखेसारखा दिसतो. त्यात खालच्या सनस्क्रीनमध्येही टायटॅनियम किंवा झिंक ऑक्साइड असेल तर पांढऱ्यावर पांढरं. एवढ्यावरून ‘आपला रंगच असा’ म्हणून कष्टी होणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. अगं, बाटली चुकली आहे, त्वचा नाही.

तू शेड ऑनलाइन निवडलास, हे तर पत्रातच आहे. दुकानात जाणाऱ्याही मनगटावर लावून बघतात, ते तितकंच निरुपयोगी, कारण मनगट आणि चेहरा एका रंगाचे क्वचितच असतात. जबड्याच्या हाडावरून मानेकडे दोन-तीन शेडच्या उभ्या रेघा ओढायच्या, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं (बरेच शेड त्वचेवर थोडे गडद होतात) आणि दिवसाच्या उजेडात जाऊन बघायचं. जी रेघ शोधावी लागते तो तुझा शेड. विक्रेती उजळ शेड पुढे करते, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

गोळ्यांचं कारण सोपं आहे. सनस्क्रीन वाळायच्या आत त्यावर सिलिकोनवालं प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा गुळगुळीत थर), त्यावर फाउंडेशन, आणि सगळं चोळून. वरचा थर खालच्याला धरत नाही, गुंडाळून वर येतो. थर कमी कर. सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटं बाकीची तयारी कर, मग पुढचं लाव आणि लावताना चोळू नकोस, थोपट. ‘फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे, मग सनस्क्रीन कशाला’ असं कुणी सांगेल, तर ते ऐकायचं नाही. एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. तेवढं फाउंडेशन लावलंस तर शेजारचीचा प्रश्न रास्तच ठरेल.

खरं तर मी तुझ्या जागी असते तर फाउंडेशन आणि प्रायमर दोन्ही कपाटात ठेवून रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घेतलं असतं. त्यातली लोहाची ऑक्साइडं पांढरेपणा मारतात. शिवाय वांग किंवा काळे डाग असतील तर दिसणाऱ्या प्रकाशापासूनही थोडा आडोसा देतात, जो साध्या सनस्क्रीनने फारसा मिळत नाही. एका थरात दोन कामं होतात. शेड मात्र याचाही जबड्यावरच बघायचा.

त्यानंतर ऑफिससाठी तीनच गोष्टी शीक : भुवया, कन्सीलर (काळेपणा झाकणारा रंग), ओठ. नाटकात मी शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसावेत म्हणून रंगवते. तुझा प्रेक्षक टेबलापलीकडे हातभर अंतरावर बसलेला आहे आणि आधीच चिडलेला आहे. गालाचं हाड उठून दिसावं म्हणून तू ओढतेस ती काँटूरची गडद रेघच त्याला दिसते, हाड नाही. भुवया छोट्या ब्रशने वर विंचरायच्या आणि जिथे केस विरळ आहेत तिथेच पेन्सिलच्या तुटक रेघा द्यायच्या. भुवईचं आतलं टोक मोकळं सोडायचं, तिथे भरलं की माणूस रागावल्यासारखा दिसतो आणि ग्राहकांपुढे ते परवडणारं नाही.

कन्सीलरवर वेळ घालव, कारण खरी कारागिरी तिथे आहे. डोळ्याखाली उलटे त्रिकोण काढतात तसलं काही नको. आरशात बघ, सगळ्यात काळं कुठे दिसतं? बहुतेकींचं ते नाकालगतच्या आतल्या कोपऱ्यात आणि तिथून तिरक्या खाली जाणाऱ्या खोलगट रेघेत असतं. तेवढ्यावरच टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन ठिपके दे. अर्धा मिनिट हात लावू नकोस, ते जरा घट्ट होऊ दे. मग अनामिकेने, हो अनामिकेनेच, कारण त्या बोटाचा दाब आपोआप हलका पडतो, फक्त ठिपक्याच्या कडा थोपटून मिटव, मधला भाग तसाच राहू दे. बोटाच्या उबेने ते त्वचेत बसतं. तरी निळसर-राखाडी झाक राहिली तर आणखी कन्सीलर थापू नकोस, आधी खाली नारिंगी छटेचा करेक्टर, म्हणजे निळसर झाक मारणारा रंग, नखाएवढा लाव. राखाडीवर फिका रंग चढवला की राखाडीच उजळ होतो. तुझं सध्या तेच चाललंय.

ओठांना हवा तो रंग लाव. यात मत द्यायचा मला अधिकार नाही.

कोर्सचं म्हणशील तर नको. कोर्स दुसऱ्याचा चेहरा रंगवायला शिकवतो, त्याला तो लागतो. स्वतःचा चेहरा शिकायला रविवारची संध्याकाळ पुरते, तोंड धुवायचंच आहे त्याच्या आधीची. अर्ध्या चेहऱ्यावर कर, अर्धा तसाच ठेव, खिडकीशी जाऊन फोटो काढ. काय बदललं आणि काय उगाच झालं, लगेच कळतं. नवीन गोष्ट सोमवारी सकाळी घाईत पहिल्यांदा करायची नाही. आणि व्हिडिओतल्या मुलीसमोर गोल रिंग लाइट असतो, समोरून पडणारा तो उजेड सगळ्या सावल्या गिळतो. तुझ्या डोक्यावर छतातला दिवा आहे, तो डोळ्यांखाली सावली पाडतो. ‘चेहरा उतरलेला’ याचा निम्मा दोष त्या दिव्याचा असेल.

पुरळासाठी सध्या सगळं थांबव. ब्रश आणि स्पंज दर सात-दहा दिवसांनी साबणाने धुवायचे असतात, हे व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. रात्री कितीही कंटाळा आला तरी मेकअप काढूनच झोपायचं. पुरळ बसलं की एकेक वस्तू परत आण. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघ, खाज किंवा लाली आली नाही तरच चेहऱ्यावर. दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर डॉक्टर गाठ.

राहिल्या मॅडम. त्यांना चारचौघांत उत्तर देऊ नकोस, एकट्या असताना विचार : “मॅडम, तुम्ही प्रेझेंटेबल म्हणालात, तर नेमकं काय बदलायला हवं?” आणि गप्प राहा. बहुतेक वेळा उत्तर केस, इस्त्री किंवा झोप असं येतं. मेकअप कर असंच म्हणाल्या, तर विचार की हा विभागाचा लेखी नियम आहे का आणि सगळ्यांना आहे का. चुरगळलेल्या शर्टचं नाव घेऊ नकोस, प्रश्नातच तो आला. हा वाद तू पहिल्यांदा घालत नाहीयेस. अमेरिकेतल्या एका कॅसिनोत जवळजवळ वीस वर्षं बारवर काम केलेल्या बाईने मेकअपची सक्ती नाकारली, तिची नोकरी गेली आणि २००६ मध्ये अपील न्यायालयातही ती हरली. पुढे २०१९ मध्ये व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीने हवाई सेविकांवरची मेकअपची सक्ती स्वतःहून काढून टाकली. तेव्हा मेकअप सोडून द्यायचा की नाही, हे मॅडमच्या त्या एका वाक्यावर ठरवू नकोस. रविवारी खिडकीशी करताना मजा येते का, तेवढं बघ. आली तर कर. नाही आली तर सनस्क्रीन लाव आणि कामाला जा.

प्रश्न : मस्कारा वाळलाय, दोन थेंब पाणी घातलं तर चालेल का? मी कॉन्टॅक्ट लेन्स लावते. आणि ऑफिसात आम्ही तिघी मिळून एकच काजळ वापरतो, त्याने काही होतं का?
– एक वाचक

उत्तर : पाणी नको. थुंकीही नको, तसं करणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पाण्याने त्यातलं जंतूंना रोखणारं द्रव्य पातळ होतं आणि नळीत जंतू वाढतात. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी वाळो न वाळो, टाकायचा. बाकीच्या वस्तूंवर उघड्या डबीचं छोटं चित्र असतं आणि त्यावर ६ एम किंवा १२ एम, म्हणजे उघडल्यानंतर तितके महिने. लेन्स आधी घालायची, मग मेकअप. रात्री लेन्स आधी काढायची, मग मेकअप पुसायचा. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर भरू नकोस, डोळ्यातलं पाणी टिकवणाऱ्या तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं तिथेच असतात. आणि एकीचे डोळे आले की तिघींचे येतील. तीन काजळं घ्या.