भिवंडी मुंबईतच येते का, आणि तिथे एवढी गर्दी कशामुळे?

नाही, भिवंडी मुंबईत येत नाही, ते ठाणे जिल्ह्यातलं वेगळं शहर आहे, त्याची स्वतःची भिवंडी-निजामपूर महानगरपालिका आहे, आणि गर्दीचं मूळ कारण म्हणजे पॉवरलूम, म्हणजे विजेवर चालणारे कापडाचे माग. 2011 च्या जनगणनेत 7 लाखांवर लोक होते आणि तेही 30 चौ. किमीपेक्षा कमी जागेत, म्हणजे घराला घर आणि घराला लागून लूमचा खडखडाट. उत्तर प्रदेशातले मोमीन आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर इथे येऊन वसले, मग 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या तसं विणकामही बरंचसं इकडे सरकलं, कारण जागा स्वस्त, मजुरी कमी. सायझिंग (सुताला खळ लावणं), लूम, ग्रे म्हणजे कोऱ्या, रंग न दिलेल्या कापडाचा व्यापार, सगळं एकमेकांच्या जवळच. बरेच कामगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी घेतात, दिवसपाळी रात्रपाळी करतात आणि एकाच खोलीत आळीपाळीने झोपतात, ही खरी हलाखी आहे आणि ती नुसत्या आकड्यांत दिसत नाही.

फक्त एक लक्षात घ्या, ऑनलाइन शॉपिंगची मोठमोठी गोडाऊनं 'भिवंडीत' आहेत म्हणतात ती बहुतेक शहरात नाहीत, माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशा आसपासच्या गावांत आहेत. मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर, म्हणजे शहरात माल आणताना लागणाऱ्या कराच्या हद्दीबाहेर, म्हणून ती तिथे वाढली, 2017 ला जकात गेली तरी नाशिक हायवेमुळे टिकली. ट्रेनने जायचं तर भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा लाइनवर आहे, सीएसएमटीहून थेट लोकल नाही.