गाडी लागते, हे भूलतज्ज्ञांना सांगा

प्रश्न : माझं वय ४४. सात वर्षांपूर्वी पूर्ण भूल देऊन गर्भाशय काढलं, तेव्हा शुद्धीवर आल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उलट्या थांबेनात. आता पित्ताशयात खडे निघालेत, पुढच्या महिन्यात साताऱ्याला दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. ऑपरेशनपेक्षा त्या उलट्यांचीच धास्ती वाटते. काही करता येईल का?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, नक्की करता येईल. आधी एक सांगा, पसरणीचा घाट चढताना तुम्हाला गाडी लागते का? मिरजेत भूल देताना हे मी प्रत्येकाला विचारत आले, कारण सुरुवातीला एकदा विचारायचं राहून गेलं होतं. तासगावकडच्या एक मावशी रात्रभर पोटाशी उशी दाबून उलट्या काढत होत्या. सकाळी सून म्हणाली, "आमच्या आत्याबाई एसटीत लिंबू हुंगतच बसतात." तो चेहरा, ती उशी मी विसरलेले नाही.

बाईमाणूस, सिगारेट न ओढणारी, गाडी लागणारी किंवा आधी भुलेनंतर उलट्या झालेली, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातलं वेदनाशामक लागणार असलेली : या चारही गोष्टी जुळल्या आणि काहीच प्रतिबंध केला नाही, तर शंभरातल्या सुमारे ८० जणींना त्रास होतो. तुम्ही सिगारेट ओढत नसाल, तर तुमच्या तीन आत्ताच जुळल्यात.

म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर न्या आणि स्पष्ट सांगा, "मागच्या वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत उलट्या होत्या." मग ते भुलेच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल या औषधावर भूल चालू ठेवू शकतात. सुरुवातीला डेक्सामेथासोन, शेवटी ऑन्डनसेट्रॉन अशी वेगवेगळ्या पद्धतीने उलटी रोखणारी दोन औषधं देता येतात, जास्त धोका असेल तर तिसरंही. साखरेचा आजार असेल तर तेही सांगा, डेक्सामेथासोनने साखर काही काळ वाढते. टाक्यांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन आणि साधी वेदनाशामकं दिली, की अफूवर्गातलं औषध कमी लागतं.

उपासाबद्दल. "रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही" असं घरचे बजावतात. बहुतेकांना हलकं खाणं आणि दुधाचा चहा सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कोरडं पडून राहिल्याने मळमळ वाढते. तुमच्यासाठी नेमकी वेळ मात्र डॉक्टरांकडूनच घ्या.

मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, आतल्या बाजूला दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात. त्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरल्यानेही बऱ्याच जणींना आराम पडतो. औषधांच्या जोडीला हे करा, औषधांऐवजी नको.

शुद्धीवर आल्यावर एकदम उठून बसू नका. पाणी परवानगी मिळाल्यावर घोट घोटच घ्या. आणि पहिली मळमळ जाणवली की लगेच सिस्टरना हाक मारा. उलटी होईपर्यंत दम धरून पडू नका.