गोव्यातल्या दमट हवेत जुने हाय-फाय स्पीकर घ्यावेत की नवे?

पहिल्यांदाच घेताय ना? मग नवेच घ्या. जुन्यांचा मोह मलाही झाला होता. म्हापशाला एकाच्या घरी सत्तरच्या दशकातली जोडी पाहिली, सागवानी रंगाचा विनियर (लाकडाचा पातळ थर), आवाजही मधाळ. घरी आणून जाळी काढली आणि वूफरच्या (जाड, खालचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेच्या फोमला बोट लावलं, तर शिळ्या केकसारखा भुगा हातात! फोम आपोआपच दहा-पंधरा वर्षांत कुजतो, इथल्या दमट हवेत तर बोलायलाच नको.

तरी जुनेच हवे असतील, तर रबरी किंवा कापडी कडेचे शोधा. जेबीएल कंपनीच्या १९७० च्या एल-१०० या स्पीकरची कड कापडीच होती. स्पीकर बंद असताना कोन (आवाज काढताना हलणारा शंकूसारखा पडदा) दोन्ही हातांनी अलगद आत दाबून बघा. खरखर आली तर कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासतेय, परत फिरा. क्रॉसओव्हरमधले (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे सुटे भाग बदलायचा खर्चही धरा. पेटीचा तळ मात्र नक्की बघा. पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पावसाळ्यात फुगला की पूर्ववत होत नाही.

आणि हो, नवे असोत वा जुने, भिंतीला टेकवू नका. ओल धरते आणि बासही (जाड आवाज) नको तितका घुमतो.