बिब्ब्याचे परदेशी भाऊबंद

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात मी न्यू जर्सीला लेकीकडे होते. दलदलीच्या कडेने फिरताना लालचुटूक देठांचे एक झुडूप दिसले आणि फुलदाणीसाठी त्याच्या दोन डहाळ्या मी कात्रीने कापून घेतल्या. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून हातांना व मानेला खाज सुटून पाण्याचे फोड आले. तेथील डॉक्टरांनी ‘पॉयझन सुमॅक’ असे निदान केले. तीन आठवड्यांत सारे बरे झाले. मात्र मुलुंडला परतल्यावर त्याच कात्रीने गॅलरीतील कुंड्यांची छाटणी केली आणि पुन्हा तसेच फोड उठले. विष अंगात भिनले आहे, असे म्हणून घरचे नातवाला माझ्याजवळ येऊ देत नाहीत. यात तथ्य आहे का? हे झुडूप आपल्या खाडीकाठीही असते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नातवाला अवश्य जवळ घ्यावे. या फोडांतील पाण्याने पुरळ दुसऱ्याला होत नाही आणि आपल्याच अंगावर पसरतही नाही. बरे झालेले विष महिन्यांनी आतून वर येते, असेही घडत नाही. आपण लिहिलेल्या हकिकतीवरून माझा संशय त्या कात्रीवर आहे.

पॉयझन सुमॅक हे अमेरिकेच्या पूर्व भागात आणि कॅनडाच्या आग्नेय कोपऱ्यात, मुळांशी पाणी साचलेल्या जमिनीत वाढणारे झुडूप आहे. एका देठावर ७ ते १३ पर्णिका, त्यांच्या कडा दातेरी नसून सरळ, देठ तांबडा आणि फळांचे फिकट पांढुरके घोस खाली लोंबणारे, अशी त्याची ओळख सांगतात. त्याच्या निरुपद्रवी नातलगांची फळे लाल असतात आणि त्यांचे तुरे वर उभे राहतात. आपल्याकडे हे झुडूप नाही. त्याचे कूळ मात्र आपल्या घरातलेच आहे, कारण आंबा, काजू आणि बिब्बा ही सारी त्याच कुळातली झाडे. ज्यांच्या अंगावर कधी बिब्बा उतला असेल, त्यांना आपला त्रास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्रासाचे मूळ आहे चिकातील ‘उरुशिऑल’ नावाचे तेलकट द्रव्य. जपानी लाखकामात वापरल्या जाणाऱ्या ‘उरुशी’ या चिकावरून त्याला हे नाव मिळाले. ते त्वचेत शिरून तेथील प्रथिनांना चिकटते, मग शरीराच्या संरक्षक पेशी त्या प्रथिनांनाच परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. या साऱ्याला वेळ लागत असल्यामुळे फोड लगेच न उठता साधारण अर्ध्या ते तीन दिवसांनी उठतात. ज्या शरीराची या द्रव्याशी कधीच गाठ पडलेली नसते, त्याला पहिल्या वेळी दोन-तीन आठवडेही लागू शकतात. आपणांस दुसऱ्याच रात्री त्रास झाला, त्यावरून लहानपणी ओले काजूगर काढताना किंवा बिब्बा हाताळताना ही ओळख आधीच झालेली असावी, असे मला वाटते.

आता कात्रीविषयी. हे तेल सहजासहजी उडून जात नाही. हत्यारे, बूट, पिशव्या यांवर ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. पात्याच्या सांध्याशी काळपट, डिंकासारखे डाग दिसतात का, ते हात न लावता पाहावे. हा चीक हवेने काळा पडतो. बिब्ब्याच्या रसाने धोबी कपड्यांवर खुणा करीत, तेही याच गुणामुळे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर नेमक्या त्या धोबीखुणेच्या जागी पुरळ उठू लागले आणि १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. कपडा धुऊन वाळल्यावरही चीक आपले काम करतो, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

कात्री साबणाच्या पाण्याने घासून, मग स्पिरिटने पुसून घ्यावी. हे करताना जाड व्हिनाइलचे हातमोजे वापरावेत, कारण पातळ रबरी हातमोज्यांतून हे तेल आत झिरपते. पिशवी व त्या वेळचे कपडे वेगळे धुवावेत. टाकून द्यायचे ठरले तरी जाळू मात्र नये. असा धूर श्वासातून गेल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होते. फोड चेहऱ्यावर किंवा डोळ्यांजवळ आले, त्यांत पू झाला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

खाडीकाठाबद्दल विचारलेत, तर तिवरांच्या वनात गेवा नावाचे झाड असते. त्याचे पान तोडताच दुधासारखा चीक येतो. तो डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येऊ शकते आणि त्वचेचीही आग होते. पण ते एरंडाच्या कुळातले, त्याचा चीक उरुशिऑलचा नव्हे. ठाणे खाडीच्या बाजूला फिरायला जात असाल, तर फांद्या मोडू नयेत, एवढे पुरे.

आंब्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. आंब्याच्या सालीत आणि देठाशी येणाऱ्या चिकात याच जातीची द्रव्ये असतात, त्यामुळे येत्या मोसमात आंबा चोखून न खाता दुसऱ्या कोणाकडून सोलून घ्यावा आणि फोडी खाव्यात.