टायटॅनिक बुडाली की बुडाले?

एका वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सहावीतल्या मुलीने निबंधात 'टायटॅनिक पहिल्याच सफरीत बुडाली' असं लिहिलं. बाईंनी लाल पेनाने 'बुडाले' केलं आणि समासात 'जहाज – नपुंसकलिंग' अशी टीप दिली. घरी वाद पेटला. सासरे म्हणतात, 'बुडाली'च बरोबर, कारण इंग्रजीतही जहाजाला 'शी' म्हणतात. मग खरं काय?

माझ्या मते सासऱ्यांचं उत्तर बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण चुकलं आहे. बाईंचं कारण बरोबर आहे, दुरुस्ती मात्र उगाच आहे.

आधी 'शी'चं बघू. इंग्रजीत जहाजाला 'शी' म्हणायची पद्धत जुनी आहे खरी, पण ती तिथेही आता विरत चालली आहे. जहाजांच्या बातम्या देणाऱ्या 'लॉइड्स लिस्ट' या लंडनच्या जुन्या पत्राने २००२ साली 'शी' सोडून 'इट' धरलं. आणि मराठी माणूस बोटीला 'ती' म्हणायला लागला तो साहेबाचं व्याकरण वाचून नव्हे. तसं असतं तर 'जहाज'ही स्त्रीलिंगी झालं असतं. ते झालं नाही.

आपल्याकडे बाहेरून आलेला शब्द सहसा घरातल्या ओळखीच्या शब्दाच्या पंगतीला बसतो. गाडी स्त्रीलिंगी, म्हणून मोटार, बस, ट्राम या साऱ्या 'ती'. (ट्रक आणि टेम्पो 'तो' कसे झाले, हे विचारू नका. तो वेगळा लेख होईल.) तशी 'बोट' आली ती होडी, नाव, नौका यांच्या पंगतीला बसली. पाण्यावरचं सगळंच काही 'ती' नव्हतं. मचवा आणि पडाव पुल्लिंगी, तारू आणि गलबत नपुंसकलिंगी, गुराब स्त्रीलिंगी. जहाज हिंदीत पुल्लिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी. शिडाच्या काळात प्रत्येक जातीचं लिंग वेगळं होतं आणि किनाऱ्यावरच्या माणसाला ते पाठ करावं लागत नव्हतं.

मग वाफ आली. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुवेझकडे निघाली, तेव्हा कोळसा एडनपर्यंत पुरला पाहिजे म्हणून तो तिच्यात मावेल तिथे भरला होता. शिडाशिवाय, पोटातल्या आगीवर चालणारी ही वस्तू पाहून लोकांनी 'आगबोट' हा सरळ शब्द केला. पुढे रूळ पडले तेव्हा त्याच साच्यातून 'आगगाडी' आली. बॉयलरखाली कोळसा ओढणाऱ्या खलाशांना लष्करी बोलीत 'आगवाला' म्हणत. लष्करी म्हणजे फौजेची नव्हे, लस्करांची, म्हणजे बोटीवरच्या हिंदी खलाशांची सरमिसळ बोली. गोव्याकडे मात्र जुना शब्द टिकला. तारू केव्हाच मागे पडलं, मोठमोठ्या आगबोटी आल्या, तरी त्यांवर नोकरीला जाणारा गोंयकार 'तारवटी'च राहिला.

पुढे मोठ्या प्रवासाच्या सगळ्याच बोटी आगीवर चालू लागल्या, तेव्हा 'आग' सांगायची गरज उरली नाही. ती गळाली आणि नुसती 'बोट' राहिली. इथे इंग्रजी शिकलेले लोक अडखळतात. इंग्रजीत 'बोट' लहान आणि 'शिप' मोठं, मग टायटॅनिकला बोट कसं म्हणायचं? मराठीत म्हणायचं. लहान वस्तूंना आपल्याकडे होडी, पगार (महिन्याचा नव्हे, छोट्या होडीचा एक प्रकार), मचवा हे शब्द आधीपासून होते, म्हणून 'बोट' हा शब्द मोठ्या आगबोटीसाठी मोकळा राहिला. 'काका बोटीने विलायतेला गेले' यात काका वल्ही मारत गेले असं कुणाला वाटत नाही. गांधीजी १९३१ च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेला गेले ते 'राजपुताना' बोटीने, आणि सावरकरांनी जुलै १९१० मध्ये मार्सेयला उडी मारली ती 'मोरिया' बोटीतून. दोन्ही सागरी टपाल वाहणाऱ्या भल्यामोठ्या आगबोटी. २६९ मीटर लांबीची टायटॅनिक मराठीत बेलाशक बोट आहे.

बोटीचं नावच पुल्लिंगी असलं तर? याचं उत्तर कोकणाने फार पूर्वी देऊन ठेवलं आहे. स्वदेशीच्या भरात निघालेल्या एका आगबोट कंपनीला लोक प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिने बोटींना संतांची नावं दिली. त्यातली 'रामदास' १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आजतागायत अलिबाग-रेवसच्या बाजूला कुणाच्याही तोंडी एकच क्रियापद आहे: रामदास बुडाली. समर्थांचं नाव, तरी 'बुडाला' नाही. 'तुकाराम'चंही तेच. ती आणि 'जयंती' या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. माझी आजी देवगडची. ती धक्क्यावरच्या आठवणी सांगताना 'कोकणसेवक आली नि पडाव सुटला' असं म्हणायची. सेवक आली, पडाव सुटला. एकाच वाक्यात दोन्ही लिंगं बिनचूक, आणि शाळा चौथीपर्यंतची.

ही अडचण फक्त आपलीच नाही. जर्मन भाषेत 'जहाज' हा शब्द आपल्यासारखाच नपुंसकलिंगी आहे, पण जहाजांची नावं स्त्रीलिंगी चालतात. हॅम्बुर्गच्या कंपनीने १९१२ साली पाण्यात उतरवलेल्या प्रचंड बोटीचं नाव 'इम्परेटर', म्हणजे सम्राट. सम्राटाला 'ती' कसं म्हणायचं? जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मच्या इच्छेखातर तिच्यापुरता नियम मोडून पुल्लिंग वापरलं गेलं. पहिल्या महायुद्धानंतर ती बोट इंग्रजांच्या क्युनार्ड कंपनीकडे गेली आणि तिचं नाव पडलं 'बेरेंगारिया'. ही इंग्लंडच्या रिचर्ड राजाची राणी. कैसरने हट्टाने 'तो' केलेली बोट शेवटी राणीच्या नावावर गेली.

फ्रेंचांचा घोळ आणखी मजेदार. १९३५ साली त्यांची 'नॉर्मंडी' पहिल्या सफरीला निघाली. नॉर्मंडी हा प्रांत स्त्रीलिंगी, पण जहाज या अर्थाचा फ्रेंच शब्द पुल्लिंगी. मग पुढे 'ल' लावायचं की 'ला', यावर वाद झडला आणि कंपनीने आर्टिकलच गाळून नुसतं 'नॉर्मंडी' लिहायला सुरुवात केली. मराठीत ही पळवाट नाही. आपलं लिंग नावापुढच्या शब्दात नसून क्रियापदाच्या शेपटीत असतं, आणि शेपूट छाटून वाक्य पुरं होत नाही.

'टायटॅनिक'बाबतच इतका गोंधळ का, 'लुसिटानिया'बाबत का नाही? क्युनार्डच्या बोटींची नावं 'इया'वर संपत: लुसिटानिया, मॉरिटानिया, टायटॅनिकच्या माणसांना वाचवायला धावलेली कार्पेथिया. 'इया'वर संपणारं नाव मराठी कानाला आपोआप 'ती' वाटतं. व्हाइट स्टार कंपनीची नावं 'इक'वर संपत: ऑलिम्पिक, टायटॅनिक, मॅजेस्टिक. त्यातून लिंग कळत नाही, म्हणून लिहिणाऱ्याचा हात अडतो.

तर निकाल असा. नावाशेजारी जातिवाचक शब्द असेल तर क्रियापद त्याच्या मागे जाईल: 'टायटॅनिक हे जहाज बुडाले', 'टायटॅनिक ही बोट बुडाली'. नाव एकटं असेल तर बोलणाऱ्याच्या मनात जो शब्द असेल त्याप्रमाणे. दोन्ही चालेल, पण मी 'बुडाली' लिहीन, कारण बोलताना आपण तेच म्हणतो. 'बुडाला' नको, तो हिंदीतून येतो. आणि खरी चूक कुठली म्हणाल तर ती वर्तमानपत्रांत रोज दिसते: 'टायटॅनिक हे त्या काळचे सर्वांत मोठे जहाज. तिच्यावर पुरेशा जीवरक्षक नौका नव्हत्या.' पहिल्या वाक्यात 'हे', दुसऱ्यात 'तिच्यावर'. लाल पेन तिथे चालवावा.

ताईंनी जाता जाता 'बोट लागणे' हेही विचारलं होतं. हा एक छान गुंता आहे. 'दाभोळला बोट लागली' म्हणजे बंदरात आली, 'मला बोट लागली' म्हणजे ढवळून उलट्या झाल्या. आजच्या 'एसटी लागते'चं हे जुनं रूप. आणि 'मला बोट लागलं' म्हणजे कुणाच्या हाताचा स्पर्श झाला, कारण हाताचं बोट नपुंसकलिंगी. भूतकाळात आणि विभक्तीत फरक कळतो: बोटीला, बोटाला. वर्तमानकाळात मात्र 'मला बोट लागते' याचे दोन्ही अर्थ होतात, आणि समोरच्याचा चेहरा पाहूनच ठरवावं लागतं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून गाड्या घेऊन जाणारी नवी बोट चालते. तिच्या नावात ना बोट, ना नौका. परवा तिथे रांगेत उभा होतो. मागचा माणूस फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, रो-रो सुटली!"